दोन दिवसांचा ऑफ-रोड बाइकिंग वर्ग: एका फिजिओथेरपिस्टचा अभिप्राय

पक्का रस्ता सोडून कच्च्या जमिनीवर बाइक चालवायला शिकवणाऱ्या या वर्गाला जाऊ की नको असं विचारणाऱ्यांना उत्तर आधीच देते: जा. शिकवणं चोख आहे, दिलेल्या पैशांचं चीज होतं आणि शरीराला खरोखरचं काम पडतं. पण वर्गाच्या जाहिरातीत जे लिहिलंय, की गाडी चालवणं हाच संपूर्ण व्यायाम आणि बाइकवाल्याला जिमची गरजच नाही, ते मला मान्य नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे. त्या एका वाक्यापायीच मी इथे नाव नोंदवलं, त्यामुळे अभिप्राय थोडा लांबणार.

माझं क्लिनिक सिंहगड रस्त्यावर आहे. येणाऱ्यांत मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह असतात, घरोघरी पार्सल पोचवणारी मुलं असतात, धायरीहून हिंजवडीला रोज टू-व्हीलरने जाणारी आयटीतली माणसं असतात. कुणाची कंबर धरलेली, कुणाची मान आखडलेली, कुणाच्या बोटांना मुंग्या. केसपेपर भरताना मी विचारते, व्यायाम काय करता? उत्तर ठरलेलं असतं: "मॅडम, दिवसभर गाडीवरच तर असतो. घरी जाईपर्यंत अंग मोडून येतं." त्यांचा थकवा खरा असतो. पण आवाज, धूर, खड्डे आणि तासन्‌तास एकाच स्थितीत बसणं यानेही माणूस थकतो, आणि त्या थकव्याने ना हृदयाची ताकद वाढते ना पायांची. यातल्या कित्येकांची साखर चाळिशीच्या आत वाढलेली असते आणि दोन जिने चढले की धाप लागते. म्हणून हा प्रश्न माझ्यासाठी गप्पांचा विषय नाही.

जागा दिवे घाट चढून सासवडच्या पुढे आहे. मुख्य रस्ता सोडून कच्च्या वाटेने आत गेलं की एक मोठं माळरान लागतं. जमीन मुरमाड, एका अंगाला कोरडा ओढा आणि मागे टेकाडाचा उतार. ऑफ-रोड शिकायला याहून चांगली जमीन पुण्याजवळ मिळणं अवघड. दोन दिवसांचे साडेनऊ हजार रुपये घेतात. त्यात गाडी, पेट्रोल, हेल्मेट, छातीचं आणि गुडघ्यांचं कवच, बूट आणि दुपारचं जेवण येतं. गाड्या हिरोच्या एक्सपल्स २०० ४व्ही. वजन साधारण १६० किलो, सीटची उंची ८२५ मिलिमीटर, पुढचं चाक २१ इंची. माझी उंची पाच फूट तीन इंच, म्हणजे दोन्ही पाय एकदम जमिनीला टेकत नाहीत. त्याची सवय त्यांनी पहिल्याच तासात करून दिली: थांबताना बूड सीटच्या एका कडेला सरकवायचं आणि एकच पाय पूर्ण टेकवायचा. कमी उंचीच्या बायकांनी केवळ सीट उंच आहे म्हणून मागे राहू नये.

पहिला धडा गाडी चालवण्याचा नव्हताच, पडलेली गाडी उचलण्याचा होता. मला हा भाग सगळ्यात जास्त आवडला, म्हणून नीट सांगते. गाडी आडवी पडली की आधी इंजिन बंद. मग ती घरंगळू नये म्हणून पहिल्या गिअरमध्ये टाकायची. उजव्या अंगावर पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवायचा, म्हणजे पलीकडे जाऊन पुन्हा पडत नाही. हँडल पूर्ण वळवून घ्यायचं, गाडीकडे पाठ करून सीटला टेकायचं, एका हाताने हँडलची मूठ आणि दुसऱ्या हाताने मागची दांडी धरायची, गुडघ्यांत वाकायचं, पाठ ताठ ठेवायची आणि लहान लहान पावलं टाकत मागे रेटत जायचं. सगळा जोर पायांचा. सुरुवातीचा वीतभर भाग जड जातो, पुढे वजन चाकांवर येत जातं आणि गाडी हलकी वाटू लागते.

हेच मी क्लिनिकमध्ये वेगळ्या कारणासाठी शिकवते: जड वस्तू उचलताना कमरेतून वाकू नका, मांड्या आणि नितंबांचा जोर लावा. इथे प्रत्येकाला गाडी तीन-चार वेळा उचलायला लावली, दोन्ही अंगांवरून. आमच्या तुकडीत पंचावन्न-छप्पन्न वर्षांचे एक काका होते, बँकेतून निवृत्त व्हायला आलेले. त्यांनी पहिल्यांदा समोरून हँडल ओढून उचलायचा प्रयत्न केला तेव्हा प्रशिक्षकाने लगेच थांबवलं. "काका, पाठीने नाही, पायाने. घाई कशाला? गाडी कुठे पळून जात नाही." पद्धत बदलल्यावर त्यांनी ती एकट्याने उभी केली. साठीकडे झुकलेला माणूस १६० किलोची गाडी दुखापत न होता उभी करतो, ही त्या प्रशिक्षकाच्या शिकवण्याला मिळालेली पावती आहे.

दुसरा धडा उभं राहून चालवण्याचा. फूटरेस्टवर चवडे, गुडघे किंचित वाकलेले आणि टाकीला आत चिकटलेले, कमरेतून पुढे झुकलेलं अंग, कोपरं बाहेर, नजर लांब. हातांवर भार द्यायचा नाही. भार पायांतून खाली जातो आणि हँडल हातांत सैल राहतं. सांगायला सोपं वाटतं. पण अर्धवट बैठकीत उभं राहून, खालून दगडांचे धक्के झेलत, माळाला चार-पाच फेऱ्या मारल्या की मांड्या थरथरायला लागतात. मांडीचा पुढचा भाग, आतला भाग, नितंब, पोटऱ्या आणि पाठीच्या कण्याला आधार देणारे पोट-कमरेचे स्नायू सगळे एकदम कामाला लागतात. गाडी डावीकडे झुकली की अंग उजवीकडे, पुढचं चाक दगडावर चढलं की अंग पुढे, उतारावर अंग मागे. रोजच्या रस्त्यावर जे स्नायू झोपलेले असतात ते इथे क्षणाक्षणाला जागे होतात.

आणि कोपराखालचा हात! नवशिक्यांना हा भाग सगळ्यात जास्त छळतो. भीतीपोटी माणूस मूठ आवळतो, आवळलेल्या स्नायूत रक्त नीट खेळत नाही, हात फुगल्यासारखा होतो आणि क्लच दाबायला बोटं नकार देतात. मोटोक्रॉसवाले, म्हणजे कच्च्या ट्रॅकवर शर्यती करणारे, याला आर्म पंप म्हणतात. आमचा प्रशिक्षक दर फेरीला ओरडायचा, "ताई, हात सैल! दोनच बोटं क्लचवर! दात आवळू नका, श्वास घ्या!" शेवटची सूचना मला फार मोलाची वाटली. अवघड जागी बहुतेक जण नकळत श्वास रोखून धरतात. श्वास रोखून जोर लावला की रक्तदाब झटकन चढतो. ज्यांना बीपीचा त्रास आहे त्यांच्या बाबतीत ही गंभीर गोष्ट आहे, आणि प्रशिक्षकाला ती ठाऊक होती.

इंग्रजी आठच्या आकड्यात हळू फिरणं, मागचा ब्रेक हलकेच लावून तोल धरणं, मुरमावर मागचं चाक घसरवत थांबणं हे सगळं पहिल्या दिवशी झालं. दुसऱ्या दिवशी चढण, उतार आणि ओढ्यातले गोटे. यावर फार लिहीत नाही, ते तिथे जाऊनच कळेल. चढणीवर मध्येच गाडी बंद पडली तर काय करायचं, हे त्यांनी मुद्दाम गाडी बंद पाडून शिकवलं आणि प्रत्येकाकडून करून घेतलं. माझ्या मते दुसऱ्या दिवसातला सर्वांत उपयोगी अर्धा तास तो.

आता मूळ प्रश्नाकडे येते: हा व्यायाम झाला का?

एखाद्या हालचालीला किती ऊर्जा लागते हे सांगायला मेट हे एकक वापरतात. स्वस्थ बसलेल्या माणसाला जेवढी लागते ती १ मेट. या हालचालींचं जे कोष्टक जगभर वापरतात, त्याच्या २०११ च्या आवृत्तीत मोटरसायकल किंवा स्कूटर चालवण्याला ३.५ मेट दिलेत आणि मोटार चालवण्याला २.५. सपाट रस्त्यावर मध्यम वेगाने चालण्यालाही ३.५ मेटच आहेत. ३ ते ६ मधली हालचाल मध्यम तीव्रतेची धरतात. म्हणजे कोष्टकाच्या हिशेबाने माझे पेशंट बरोबर ठरतात.

तरी मी त्यांना हो म्हणत नाही. चालताना शरीरातले सगळ्यात मोठे स्नायू, म्हणजे मांड्यांचे आणि नितंबांचे, तासाला हजारो वेळा आकुंचन पावतात. आकुंचन पावणारा स्नायू रक्तातली साखर ओढून घेतो, हृदयाकडे रक्त परत ढकलतो. प्रत्येक पावलागणिक अंगाचं वजन हाडांवर पडतं. गाडीवर हे मोठे स्नायू गुडघ्यात दुमडून गप्प असतात आणि काम पडतं ते मनगट, बोटं, मान आणि खांदे यांना. चांदणी चौकातल्या गर्दीत क्लच दाबून दाबून डाव्या हाताला होतो तो ताण आहे, व्यायाम नाही. त्यात खड्ड्यांची कंपनं कमरेला बसतात ती वेगळीच. कोष्टकातला एकच आकडा सरासरी सांगतो. कोणत्या अवयवाने ते काम केलं हे सांगत नाही.

ऑफ-रोडची गोष्ट निराळी आहे आणि त्याला चांगला पुरावा आहे. कॅनडातल्या यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी १२८ हौशी चालक घेतले आणि ते कच्च्या वाटांवर गाडी चालवत असताना त्यांचा ऑक्सिजनचा वापर मोजला. एटीव्हीवर, म्हणजे कच्च्या वाटांवरच्या छोट्या उघड्या चारचाकीवर, तो विश्रांतीच्या साडेतीन पट निघाला आणि ऑफ-रोड मोटरसायकलवर सहा पट. चालणं आणि हळू पळणं आलटून-पालटून केलं तर साधारण एवढंच भरतं. ७० किलोच्या माणसाचा हिशेब केला तर तासाला ४२० कॅलरी. या अभ्यासाचं वजन मला जास्त वाटतं, कारण त्यांनी नुसते हृदयाचे ठोके धरले नाहीत. ठोके भीतीनेही वाढतात, उन्हात जाड कवच घालूनही वाढतात. ऑक्सिजन मात्र स्नायूंनी काम केल्याशिवाय एवढा खर्च होत नाही.

म्हणूनच मनगटावरच्या घड्याळांवर विसंबू नका असं मी तुकडीतल्या मुलांना सांगत होते. एकाच्या घड्याळाने पहिल्या दिवशी पंचवीस हजारांहून जास्त पावलं दाखवली. तो पठ्ठ्या जेमतेम गाडीपासून पाण्याच्या पिंपापर्यंत चालला होता. दगडांवर हँडल थडथडतं, घड्याळातलं यंत्र त्या धक्क्यांनाच पावलं समजतं. हातावरचा ठोके मोजणारा दिवाही मूठ आवळल्यावर आणि कंपनांत नीट वाचत नाही. मोजायचंच असेल तर छातीचा पट्टा वापरा, किंवा मी वापरते ती साधी कसोटी घ्या: हालचाल करताना बोलता येतं पण गाता येत नाही, तेव्हा ती मध्यम तीव्रतेची, चार शब्दांनंतर थांबून श्वास घ्यावा लागतो, तेव्हा जोरकस. उभं राहून फेऱ्या मारताना मी बोलू शकत होते, गाणं शक्य नव्हतं. ओढ्यातल्या गोट्यांवर माझ्याने प्रशिक्षकाला धड "हो" म्हणवत नव्हतं.

पण तुकडीत दहा-बारा जण आणि प्रत्येक कसरत एकेकाची. तासातला निम्म्याहून जास्त वेळ रांगेत उभं राहण्यात जातो. सहा पटीचा तो आकडा गाडी चालू असतानाचा आहे, झाडाखाली हेल्मेट काढून बसल्याचा नाही. आणि दोन दिवसांचा वर्ग वर्षातून एकदा. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस मोठ्या माणसांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम तीव्रतेची हालचाल आणि आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम अशी आहे. सासवडच्या माळावर दर रविवारी कोण जाणार? जाणारा असेलच, तर त्याचे ते तास मी व्यायामात नक्की धरेन. धायरी ते हिंजवडी धरणार नाही.

खरं तर संबंध उलटा आहे. आमच्यातली एक चोवीस-पंचवीस वर्षांची मुलगी रोज पर्वती चढते. दुसऱ्या दिवशी दुपारी बाकीचे मांड्या धरून बसले होते तेव्हा ती शेवटच्या फेरीला निघाली होती, आणि तिचाच तोल सर्वांत चांगला राहिला. दमलेला चालक खाली बसतो, बसला की धक्के पाठीला बसतात, हात आवळले जातात आणि गाडी पडते. २०१९ मध्ये बाहा प्रकारच्या, म्हणजे कच्च्या वाटांवरच्या लांब पल्ल्याच्या शर्यतींच्या, जागतिक स्पर्धेत महिला गटाचं विजेतेपद मिळवणाऱ्या बंगळुरूच्या ऐश्वर्या पिसेचा उल्लेख प्रशिक्षकाने मुलींचा हुरूप वाढवायला केला, ते छानच. पण त्या पातळीचे चालक तासन्‌तास व्यायाम करून गाडीवर बसतात, हेही त्याने त्याच दमात सांगायला हवं होतं. जाहिरातीतलं वाक्य तिथेच निकालात निघालं असतं.

मनाच्या बाजूनेही लिहायला हवं, कारण सोमवारी क्लिनिकमध्ये मला खूप मोकळं वाटत होतं. दोन दिवस लक्ष दुसरीकडे जायला जागाच नव्हती. अमेरिकेतल्या यूसीएलए विद्यापीठाच्या संशोधकांनी वीस मिनिटं मोटरसायकल चालवल्यावर चालकांच्या हृदयाचे ठोके ११ टक्के आणि अ‍ॅड्रेनलिन २७ टक्के वाढल्याचं, तर ताणाशी संबंधित संप्रेरकांचं एक माप २८ टक्के उतरल्याचं नोंदवलं आहे. त्या अभ्यासाला हार्ले-डेव्हिडसनने पैसे दिले होते, हे लक्षात ठेवून तो वाचावा. ताण हलका होणं ही चांगली गोष्ट आहे. तिची जागा वेगळी, दमसासाची वेगळी.

आता उणिवा. सकाळी अंग मोकळं करून घेतात, तेही चांगलं घेतात: मान, खांदे, मनगटं, नितंबाचे सांधे. संध्याकाळी मात्र "चला, भेटू उद्या" म्हणून सोडून देतात. दिवसभर अर्ध्या बैठकीत राहिलेल्या पायांना ताण देऊन सैल केलं तर बरं वाटतं. मी पहिल्या दिवशी पाच-सहा जणांकडून मांड्या, पोटऱ्या आणि कोपराखालच्या हाताचं स्ट्रेचिंग करून घेतलं. ज्यांनी केलं नाही त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीवर टांग टाकता येईना, सिंहगड दोनदा चढून उतरल्यासारखे त्यांचे पाय भरले होते. हे पंधरा मिनिटांचं काम वर्गाच्या वेळापत्रकातच असायला हवं.

बायकांच्या मापाचे बूट नाहीत. मला मिळालेले बूट दोन नंबर मोठे होते आणि गिअरचा पाय चुकत होता. स्वच्छतागृह एकच, तेही बरंच लांब. पाणी भरपूर ठेवतात पण नुसतं पाणी. कवच आणि हेल्मेटमध्ये एवढा घाम गेल्यावर मीठ-साखरेचं सरबत किंवा ओआरएस हवं. जेवण रुचकर, पिठलं, भाकरी, ठेचा, भात, वर जिलेबी. आणि त्यानंतर लगेच चढणीची कसरत. जेवण हलकं ठेवा किंवा तासभर मध्ये सोडा. प्रथमोपचाराची पेटी आणि स्ट्रेचर होतं, जवळच्या रुग्णालयाचा फोन नंबर फळ्यावर लिहिलेला होता, याबद्दल त्यांना पूर्ण गुण.

नोंदणीच्या वेळी आजारांची विचारणा होत नाही, एक सही तेवढी घेतात. ही विचारणा व्हायला हवी. कमरेची चकती सरकलेली आहे आणि पायात कळ जाते, खांदा पूर्वी निखळलेला आहे, रक्तदाब ताब्यात नाही किंवा गरोदर आहात, तर या वर्गाला जाऊ नका. गुडघे साधारण कुरकुरत असतील तर आधी सहा आठवडे भिंतीला टेकून अर्धी बैठक, खुर्चीवरून हात न लावता उठणं-बसणं आणि रोज अर्धा तास भरभर चालणं एवढं करा, मग या. ज्यांना काहीच त्रास नाही त्यांनीही एवढं केलं तर दुसरा दिवस वाया जाणार नाही.

थंडीतली तारीख धरा, मार्चनंतर त्या माळावर सावली उरत नाही. घोट्याच्या वरपर्यंत येणारे स्वतःचे बूट असतील तर न्या, सुती मोज्यांचे दोन जोड घ्या, सरबताची बाटली घ्या. आणि सोमवारी सकाळची महत्त्वाची मीटिंग असेल तर ती दुपारी ठेवा.